कुंभारीच्या गाडीचा ॲक्सल

आमच्याच गाडीचं चाक आम्हाला मागं टाकून पुढं निघून गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसले होते. माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून ते गेलं, सरळ, जराही न डगमगता. मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, कुणाचं तरी चाक चाललंय."

त्याआधी मागून टण्णकन आवाज झाला होता, खाणीत सुरुंग उडावा तसा, पण मला वाटलं, मागची साखळी पडली असेल. मग गाडीची डावी बाजू बसली आणि खालून डांबर खरवडल्याचा असा काही आवाज यायला लागला की दात शिवशिवले. नवरा ब्रेक दाबत होता. पाय थेट तळाला जात होता, हाती काही लागत नव्हतं. स्टेअरिंगवर तो अक्षरशः आडवा पडला होता. रस्ता उताराचा होता.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाले होते. माझं माहेर नातेपुत्याचं, सासर सोलापुरात. सासऱ्यांचं अक्कलकोट रस्त्याला गॅरेज होतं आणि त्यांची क्रेन होती. अपघात झालेले, ओढ्यात उतरलेले ट्रक ओढून काढायची गाडी, तिला सगळे क्रेनच म्हणत. ती सासऱ्यांनी स्वतः जुळवलेली. लिलावात घेतलेल्या एका जुन्या हलक्या व्हॅनची चासी, तिच्यावर लोखंडी घोडा, तारेचा दोर आणि चेनपुली. मूळचं पेट्रोलचं इंजिन दमलं तेव्हा त्यांनी ते काढून एका मोठ्या ट्रकचं डिझेल इंजिन त्यात बसवलं. ते इतकं मोठं की बॉनेट लागेना. मग वर पत्र्याची पेटी ठोकली. नाक्यावरचे ड्रायव्हर मुद्दाम थांबून ते इंजिन बघायचे आणि सासरे त्या पेटीवर हात ठेवून उभे राहायचे, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

मागची दोन चाकं जोडणारा ॲक्सल मात्र व्हॅनचाच राहिला होता.

त्या दिवशी माझ्या माहेराजवळ उसाचा ट्रक ओढ्यात उतरला होता. नवऱ्यानं तो ओढून काढला आणि सणाला माहेरी आलेल्या मला घेऊन निघाला. मोहोळच्या अलीकडं हे घडलं.

चाक उतारानं पळत राहिलं. पुढं रस्त्याच्या कडेला विहीर होती आणि विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. एका बाईनं मान वर केली, शेजारणीला हातानं ढकललं, दोघी बाजूला झाल्या. त्यांच्या मधून चाक गेलं, काठाच्या दगडावर आपटून उडालं आणि विहिरीत पडलं. धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. आमची गाडीही तोवर कडेच्या मातीत रुतून थांबली होती.

मी उतरले आणि तशीच विहिरीकडं चालत गेले. का, ते सांगता यायचं नाही. आत वाकून पाहिलं. चाक बुडालं नव्हतं. टायरमध्ये हवा होती, त्यामुळं ते तिरपं होऊन तरंगत होतं आणि मधून तुटलेल्या लोखंडाचा तुकडा वर आला होता.

"बया, ह्ये कुटनं आलं?" एक बाई म्हणाली. दुसरीनं माझा दंड धरला. "आगं, तू जित्ती हायस न्हवं? बस, बस हितं." तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं. जिनं शेजारणीला ढकललं होतं ती बाई घागर कमरेवर घेऊन तशीच उभी होती. घागर रिकामी होती. ती हलतच नव्हती.

नवरा उशिरा आला. तो गाडीभोवती फिरून आपली चप्पल शोधत होता. चप्पल त्याच्या पायात होती.

गावातल्या माणसांनी दोर सोडून चाक वर काढलं. एका ट्रकवाल्यानं आम्हाला घरी आणून सोडलं. सासरे गॅरेजच्या दारात उभे होते. नवऱ्यानं सगळं सांगितलं, चाक, उतार, विहीर, बायका. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि कानडीत विचारलं, "याव कडे?"

मला कानडी येत नव्हतं. नवरा म्हणाला, "डावीकडचं." तेव्हा कळलं, ते विचारत होते कुठल्या बाजूचं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. सरळ आत गेले आणि हत्यारं काढायला लागले.

घरात दुसरी बाई नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. "कुठल्या बाजूचं" हे दोन शब्द मी चार दिवस चघळत होते. मरता मरता वाचलेल्या सुनेला सासरा एवढंच विचारतो? माहेरी पत्र टाकावं असंही मनात आलं.

त्या चार दिवसांत बाप-लेकांची भांडणं चालली होती. दोघंही हळू बोलणारे, पण त्या भांडणाचा आवाज रस्त्यावर जायचा. चाक फिरवणारा तुटलेला दांडा, शाफ्ट, काढून आणून ओट्यावर ठेवला होता. तुटलेल्या जागी तो पिळवटला होता, ओलं कापड पिळावं तसा. लोखंडाला असा पीळ पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला हात लावला आणि काढून घेतला.

सासऱ्यांचं म्हणणं, शाफ्ट चांगल्या पोलादाचा करून घेऊ. लेथवाला ओळखीचा आहे, मापात काढून देईल.

"पोलाद चांगलं घातलं तर दुसरं काय तरी तुटंल, अप्पा," नवरा म्हणाला. "आतली गोल चक्री तुटंल. पैल्या गिअरात त्या इंजिनाचा जोर मागं येतो. समोरचा ट्रक चिखलात, त्यो हलत न्हाय. इंजिन थांबत न्हाय. मग पीळ कुणी खायचा? मागचा ॲक्सलच खाणार की. अख्खा ॲक्सल बदलू. ह्याच जातीचा, पण जाड मिळतो."

"जाड म्हणजे किती जाड?"

"बोटभर."

"बोटभरानं काय व्हतंय?"

मी चहा घेऊन गेले होते. त्या घरात मी तोवर कामाच्या गोष्टीत कधी बोलले नव्हते. पण गेले चार दिवस डोळे मिटले की मला ते चाक दिसत होतं. मी म्हणाले, "शाफ्ट तुटला तर तुटू दे. पण तो तुटला तरी चाक जागेवर राहील, असं काही नसतं का?"

मला वाटलं, मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. नवरा उठला, म्हणाला, "चल."

गॅरेजच्या मागं वाडगं होतं. तिथं मोडकी वाहनं उभी असायची. कोपऱ्यात एक ट्रक होता, समोरून पार चेंदामेंदा झालेला, मागून धडधाकट. नवऱ्यानं त्याच्या मागच्या चाकाच्या मधोमध असलेले बोल्ट सोडवले, पहारीनं जरा हलवलं आणि चाकाच्या पोटातून एक लांबच लांब दांडा सर्रकन बाहेर ओढला. म्यानातून तलवार काढावी तसा. मी मागं सरले. चाक पडणार, ट्रक कलंडणार. काही झालं नाही. चाक होतं तिथंच उभं होतं, मधे काळं भोक पडलेलं.

"ह्याच्यात वजन ह्या दांड्यावर न्हाय," नवरा म्हणाला. "चाक बसलंय बाहेरच्या नळकांड्यावर, स्वतःच्या बेअरिंगवर. दांडा नुसता फिरवायचं काम करतो. तुटला तर गाडी जाग्यावर थांबंल, चाक जायाचं न्हाय. आपल्या व्हॅनमध्ये दांडाच फिरवतो आन् दांडाच वजन पेलतो."

मी त्या भोकात बघत राहिले. मग मला राग आला. "म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?"

त्यानं दांडा जमिनीवर ठेवला. सासरे मागं येऊन उभे होते.

"मग हाच बसवा," मी म्हणाले.

"जड हाय," नवरा म्हणाला. "रुंद हाय. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकी हलवाव्या लागतील, इंजिनाकडनं मागं येणारा मधला दांडा तोडून आखूड करावा लागंल. मागं मोठी चाकं येतील. गाडी पळायची न्हाय मग."

"आपल्याला पळायचं हाय का ओढायचंय?" सासरे एकदम म्हणाले. त्यांनी त्या ॲक्सलच्या पोटावर हात ठेवला. पण लगेच काढला. "ह्यो न्हाय. ही गाडी आपली न्हाय."

तो ट्रक कुंभारीच्या एका माणसाचा होता. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. दीड-दोन वर्षांपूर्वी तुळजापूर रस्त्यावर एका पुलावरून खाली गेला आणि तो माणूस जागीच गेला. सासऱ्यांनीच ट्रक ओढून आणून वाडग्यात लावला होता. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही. पण दुसऱ्याच्या गाडीचा बोल्टसुद्धा सासरे काढत नसत. नवऱ्यानं दांडा काढला म्हणून ते त्याच्यावर डाफरले आणि तो परत बसवायला लावला.

"मग त्यांना विचारा की," मी म्हणाले.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू चल माझ्यासंगं, पोरी. घरात बायामाणसंच असणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं कुंभारीला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. ओसरीवर एक तरुण बाई विड्या वळत बसली होती. जेमतेम माझ्याच वयाची. मागं भिंतीशी तिची सासू बसली होती, शेंगा फोडत. सासऱ्यांनी नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं आणि ट्रकचं नाव काढलं.

बाईचे हात थांबले. "कोणता ट्रक?"

"तुमच्या मालकांचा. माझ्या वाडग्यात उभा हाय."

"त्यो जळाला न्हाय?" ती म्हणाली.

सासरे गोंधळले. "जळंल कशानं? समोरनं मोडलाय. मागनं चांगला हाय."

तिनं सासूकडं पाहिलं. सासू शेंगा फोडत राहिली, पण तिचे ओठ घट्ट मिटले होते. मग तीच म्हणाली, खाली बघून, "मीच सांगितलं हिला जळाला म्हणून. काय करायची बघून? दारू पिऊन घालवला. गाडी घालवली, सोता गेला. हिनंबी आडवलं न्हाय त्याला."

"आत्याबाई, ते पीत न्हवते," सून म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलेलं असावं की त्यात आता काही जोरच उरला नव्हता.

"सगळं गाव म्हणतंय."

"गावानं काय बघितलंय?" सासऱ्यांचा आवाज चढला. मी दचकले. "दारू कुटली? स्टेअरिंगचा दांडा तुटला त्यांचा. पुढच्या चाकास्नी वळवणारा दांडा. म्या सोता बघितलाय. आदीपासनं चीर व्हती त्याला, आत गंज चढलेला. पुलावर त्यो तुटला. मग स्टेअरिंग फिरवून काय व्हतंय? देव बसला असता तरी गाडी खालीच गेली असती."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुमाला कवापासनं ठाव हाय ह्ये?" सुनेनं विचारलं.

"गाडी काढली त्याच दिवशी."

"मग सांगितलं का न्हाय?"

सासऱ्यांचा चेहरा एकदम पडला. मी इतक्या जवळून कुणाचा चेहरा असा पडताना पाहिला नव्हता. "मला कुणी इचारलं न्हाय," ते म्हणाले. मग अडखळत म्हणाले, "त्यो तुकडा मी तेल लावून जपून ठिवलाय. येणाऱ्या परतेक ड्रायवरला दावतो. म्हणतो, बगा बाबांनो, दांडे तपासत जावा."

"आमाला सोडून सगळ्यास्नी दावला," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. विड्यांचं सूप बाजूला सारलं, उठली, आत गेली. म्हातारी मात्र भिंतीला हात लावत उठली, सासऱ्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दाव मला. आत्ताच्या आत्ता."

तिची सूनही आतून बाहेर आली आणि आम्ही चौघंही एसटीनं सोलापूरला आलो. म्हातारी खिडकीशी बसली होती आणि तिच्या पदराला शेंगांची टरफलं अडकलेली होती, तिनं ती झटकलीही नव्हती.

गॅरेजमध्ये सासऱ्यांनी खिळ्यावरचा तुकडा काढला. तो मी रोज बघत होते, काहीतरी भंगार म्हणून. त्यांनी म्हातारीचं बोट धरून तुटलेल्या जागेवरून फिरवलं. एका बाजूला काळं, खडबडीत; दुसरीकडं दाणेदार, करडं. "ही काळी बाजू आदीच गेल्याली," ते म्हणाले. "ह्या येवढ्याशा भागावर गाडी चालत व्हती."

म्हातारीनं तो तुकडा कितीतरी वेळ धरला. मग खाली बसली आणि त्या तुकड्यासकट स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला लागली. सुनेनंच तिचे हात धरले. जिला दोन वर्षं बोल लावले, तिच्या कुशीत ती म्हातारी हमसून हमसून रडली. सून रडत नव्हती. ती वाडग्यातल्या ट्रककडं बघत होती. सासूला माझ्या हवाली करून ती तिकडं गेली, ट्रकला एक फेरी मारली आणि मागच्या चाकापाशी थांबली.

सासरे तिच्यामागं गेले. ज्या कामासाठी आलो ते काढायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी नवऱ्यानं सांगितलं, क्रेनचं, चाकाचं, विहिरीचं. ती माझ्याकडं वळली. "तुमी व्हता गाडीत?"

मी मान हलवली.

"लागलं का कुटं?"

त्या सगळ्या दिवसांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मला एकदम भडभडून आलं. जे रडू चार दिवस आलं नाही ते तिच्यासमोर, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या ट्रकपाशी आलं. लाजही वाटली. दुःख तिचं आणि रडतेय मी.

"न्या ह्यो," ती सासऱ्यांना म्हणाली. "मागचं काय बी तुटलं न्हाय म्हणता न्हवं? मग न्या."

सासऱ्यांनी त्याचा जो काय मोबदला व्हायचा तो तिला दिला, आणि आधी तिच्या गावात जाऊन चावडीसमोर तो तुकडा दाखवून आले. नवरा म्हणाला, ते तिथं बोलताना उभे कापत होते.

ॲक्सल बसवायला बरेच दिवस लागले. जुन्या पाट्यांवर तो बसेना, नव्या बैठकी वेल्डिंग केल्या, मधला दांडा आखूड करून लेथवर तोलून घेतला. ब्रेकच्या नळ्याही नव्या. मागं मोठी चाकं आणि पुढं तीच लहान, त्यामुळं क्रेन शेपटी वर केलेल्या विंचवासारखी दिसायची. नाक्यावरचे ड्रायव्हर हसले. पहिल्या ओढीला सासऱ्यांनी मला मुद्दाम बोलावलं. हैदराबाद रस्त्याला पोत्यांचा ट्रक चिखलात बसला होता. दोर ताणला, इंजिन गुरगुरलं, क्रेनचं तोंड जरा वर उचललं. मी डोळे मिटून घेतले. कान टण्णच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा ट्रक रस्त्यावर होता आणि सासरे मागच्या चाकाच्या मधोमध, हबवर हात ठेवून तो तापलाय का ते बघत होते.

परत येताना ते मला म्हणाले, "तवा मला तुला काय इचारायचं सुचलंच न्हाय, पोरी. तू समोर जित्ती उभी व्हतीस. तुला इचारलं असतं तर मला तितंच बसावं लागलं असतं." अर्धा राग गेला. अर्धा राहिला, तो पुढं बरीच वर्षं होता.

त्यानंतर सासऱ्यांनी एक नेम धरला. अपघाताची गाडी ओढून आणली की काय तुटलं होतं ते शोधायचं आणि त्या माणसाच्या घरी जाऊन सांगायचं. बायामाणसं असतात म्हणून मला बरोबर न्यायचे. बहुतेक ठिकाणी लोक ऐकून घ्यायचे. अक्कलकोटच्या बाजूला एका घरी मात्र सांगण्यासारखं काहीच नव्हतं. गाडीत सगळं जागच्या जागी होतं, ब्रेक, स्टेअरिंग, सगळं. सासऱ्यांनी ते तसंच सांगितलं. त्या घरातल्या बापानं आम्हाला हाकलून दिलं, पायरीवरचा तांब्या आमच्या अंगावर भिरकावला. सासरे रस्त्यावर येऊन उभे राहिले, ओल्या सदऱ्यानं. मी विचारलं, "खोटं सांगायला हवं होतं का?" ते म्हणाले, "मला न्हाय कळत." तरी नेम मोडला नाही.

सासरे गेल्यावर काही वर्षांनी नवऱ्यानं क्रेन विकायला काढली. त्याआधी तो आणि मी कुंभारीला गेलो, त्या बाईला सांगायला. तिची सासू केव्हाच वारली होती. तिनं विड्या सोडून किराण्याचं छोटं दुकान टाकलं होतं. आम्हाला बसवलं, चहा केला. ॲक्सलचं सांगितलं तेव्हा ती जराशी हसली.

"इका की. मला काय इचारताय?" ती म्हणाली. मग गिऱ्हाइकाला साखर बांधता बांधता म्हणाली, "घेणाऱ्याला पुढचा दांडा तपासायला सांगा तेवढा."